लर्निंग लायसन काढाचं हाय? मंग असं करा

राजेहो, आधी आधारले मोबाईल नंबर लिंक हाय का ते पाहा, कारण सारथीवर, म्हणजे लायसनच्या सरकारी वेबसाइटवर, सगळं ओटीपीवर चालते. गिअरच्या गाडीले वय 18 पूर्ण पायजे. परीक्षा घरूनच देता येते, फक्त रेंज असन तिथं बसा, आमच्या भाच्यानं तर स्लॅबवर चढून पेपर देल्ला. वाहतुकीची चिन्हं नीट वाचा बरं, पोरं तिथंच चुकतात.

लर्निंग 6 महिने चालते, पण 30 दिवस झाल्याबिगर पक्क्या लायसनची टेस्ट देता येत नाही, तोवर गाडीले लाल एल लावा, सोबत लायसनवाला माणूस ठेवा अन् हेल्मेट घालाच. टेस्टले आठचा आकडा काढताना पाय टेकला की गडबड, म्हणून खळ्यात चुन्यानं आठ आखा अन् पहिल्या गिअरवर, क्लच अर्धा दाबून, नजर समोरच्या वळणावर ठेवून रोज संध्याकाळी फिरवा.