कमी उजेडातल्या कार्यक्रमांसाठी झूम लेन्स निवडताना

कार्यालयातली हळद, रात्रीचं रिसेप्शन, सभागृहातला सत्कार, कोल्हापूरच्या महाद्वार रोडवरची विसर्जन मिरवणूक. या सगळ्यांत उजेड कमी आणि माणसं हलती. एकच लेन्स लावून हे सगळं उरकायचं असेल, तर ती झूमच्या दोन्ही टोकांना एफ/२.८ उघडणारी असावी. (एफ/ म्हणजे अपर्चर, लेन्सचं उजेड आत घेणारं भोक; आकडा लहान तेवढं भोक मोठं.) रेंज, म्हणजे लेन्स किती एमएमपासून किती एमएमपर्यंत झूम होते, ती त्यानंतर बघायची. १८-१३५ सारखी लांब रेंज दुकानात मोहात पाडते, पण टेलीच्या, म्हणजे दूरचं जवळ आणणाऱ्या टोकाला तिचं अपर्चर एफ/५.६ वर येऊन बसतं आणि रात्रीच्या कामात ती तिथेच अडते.

हिशेब साधा आहे. किटसोबत मिळणारी १८-५५ लेन्स ५५ एमएमला एफ/५.६ देते. एफ/२.८ म्हणजे त्याहून दोन स्टॉप जास्त (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), चौपट उजेड. एफ/५.६ ला आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ३२०० वर १/५० सेकंदाचं शटर मिळत असेल, तर एफ/२.८ ला त्याच आयएसओवर १/२०० मिळतं. १/५० ला हळद लावणारा हात नुसता पिवळा फराटा होतो, १/२०० ला बोटं सुटी दिसतात. शटर वाढवायची गरज नसेल, तर तोच फायदा आयएसओ ८०० वर आणून नॉइज (फोटोतले दाणे) कमी करायला वापरता येतो.

स्टॅबिलायझेशनबद्दल बऱ्याच जणांचा घोळ होतो. ते तुमच्या हाताची थरथर सांभाळतं, समोरचा माणूस थांबवत नाही. लेझीमवाल्या पोरांना १/२५० ते १/५०० लागतंच, तिथे स्टॅबिलायझेशनचा काही उपयोग नाही. त्यामुळे २४-१०५ एफ/४ आणि स्टॅबिलायझेशन नसलेली २४-७० एफ/२.८ यांतून निवडायचं झालं, तर कार्यक्रमांसाठी दुसरी घ्या. व्हिडिओ जास्त करत असाल आणि कॅमेऱ्याच्या बॉडीत स्टॅबिलायझेशन नसेल, तरच उलटा विचार करावा.

आता रेंज. फुल फ्रेमवर (३५ एमएम फिल्मएवढा सेन्सर) २४-७० किंवा २८-७५, क्रॉप सेन्सरवर (त्याहून लहान) १७-५० च्या आसपास. क्रॉप बॉडीवर २४-७० लावली की वाईडला, म्हणजे जास्त रुंद दाखवणाऱ्या टोकाला, साधारण ३६ एमएमचाच अँगल मिळतो. स्टेजसमोर व्हिडिओवाला, क्रेन आणि नातेवाईक यांच्यात अडकल्यावर मागे सरकायला जागा नसते, आणि वरमाईचं अर्धं कुटुंब फ्रेमबाहेर जातं. पुढेमागे फुल फ्रेम घेणार म्हणून आजच २४-७० घ्यायचा सल्ला सर्रास दिला जातो. आत्ता काम क्रॉपवर करताय, तर लेन्स क्रॉपची घ्या.

अंदाजाने ठरवू नका. मागच्या दोन-तीन कार्यक्रमांचे फोटो लाइटरूम या सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि मेटाडेटा फिल्टरमध्ये फोकल लेंग्थ (एमएमचा आकडा) निवडा. बहुतेक फोटो वाईडच्या टोकाला असतील, तर २४ आणि २८ मधला फरक तुम्हाला जाणवणार. टेलीच्या टोकाला फोटोंची गर्दी असेल, तर क्रॉपवर टॅमरॉनची १७-७० एफ/२.८ बघा: ५२५ ग्रॅम, स्टॅबिलायझेशनसकट. सिग्माची १८-५० एफ/२.८ जेमतेम २९० ग्रॅमची, पण तिच्यात स्टॅबिलायझेशन नाही. फुल फ्रेम सोनीवर टॅमरॉनची २८-७५ जी२ ५४० ग्रॅमची आहे. सात-आठ तास गळ्यात कॅमेरा असला की हे ग्रॅम मोजावेच लागतात. खासबागेतली कुस्ती प्रेक्षकांतून टिपायची असेल, तर यातली एकही पुरणार नाही. ते काम ७०-२०० चं.

दुकानात स्वतःची बॉडी घेऊन जा. वर्तमानपत्राचं पान भिंतीवर ताणून चिकटवा, कॅमेरा त्याला समांतर धरा, आणि एफ/२.८ ला वाईड, मधे, टेली असे फोटो काढून चारही कोपरे मोठे करून बघा. चारही सारखेच थोडे मऊ असतील तर चालतं. एकच कोपरा धूसर असेल, तर आतली काच तिरकी बसलेली आहे. ती लेन्स परत द्या आणि दुसरा नग मागा. डीएसएलआर (आरशाचा कॅमेरा) असेल तर व्ह्यूफाइंडरमधून आणि लाइव्ह व्ह्यूमधून (मागच्या स्क्रीनवर) एकाच जागी फोकस करून दोन फोटो ताडून बघा. फरक पडला तर फोकस पुढेमागे जातोय.

जुनी लेन्स घेताना मागच्या बाजूने टॉर्च मारा. धुळीचे चार कण असले तर काही बिघडत नाही, कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू म्हणजे बुरशी. मग एफ/८ करून झूमच्या दोन्ही टोकांना फोटो काढा. काही जुन्या लेन्समध्ये अपर्चरची फ्लेक्स केबल (आतली पातळ वायर) तुटलेली असते. एफ/२.८ ला फोटो व्यवस्थित येतो, अपर्चर लहान केलं की एरर. विकणारा बहुधा उघड्या अपर्चरलाच दाखवतो.

एफ/२.८ ची किंमतही मोजावी लागते. फुल फ्रेमवर ७० एमएमला, तीन मीटरवरून फोकसची खोली साधारण ३० सेंटीमीटरच असते. नवरा-नवरी पुढेमागे उभे असतील तर एकाचाच चेहरा शार्प येतो. दोन रांगांच्या ग्रुपला एफ/५.६ वर जा आणि फ्लॅश लावा. एलईडी दिव्यांखाली फोटोत पट्टे दिसले, तर मेकॅनिकल शटर (कॅमेऱ्यातला खरोखर हलणारा पडदा) वापरा आणि स्पीड १/१०० वर आणा. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने असे दिवे बहुधा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात.

त्रिपुरारी पौर्णिमेला पंचगंगा घाटावर पणत्या टिपताना यूव्ही फिल्टर काढून ठेवा. दिव्यांची उलटी भुतं फ्रेममध्ये येतात ती बहुतेक वेळा फिल्टरमुळेच. गुलालात मात्र तोच फिल्टर लावा. झूम करताना बाहेर येणारी नळी हवा आत ओढते आणि हवेबरोबर गुलालही, म्हणून जोतिबाच्या यात्रेत किंवा मिरवणुकीत झूम कमी फिरवा आणि लेन्स तिथे बदलू नका. घरी आल्यावर आधी ब्लोअर, मग कोरडा ब्रश. ओलं फडकं लावलं की रंग रिंगच्या खाचेत बसतो. मिरवणुकीतला लेझर थेट लेन्समध्ये येत असेल तर कॅमेरा लगेच खाली करा, सेन्सर कायमचा जळू शकतो. आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात लेन्स चामड्याच्या पाऊचमध्ये ठेवू नका. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आत छोटा आर्द्रतामापक ठेवा, काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे.