वाचकाला एकट्याने वापरता येईल असं संशोधन-मार्गदर्शक पान कसं करावं

संदर्भ विभागात कुणी "मधुमेहावर काय आहे?" असं विचारलं, तर ग्रंथपाल लगेच पुस्तक काढून देत नाही. कशासाठी हवंय, किती खोलात, कधीपर्यंत, हे आधी विचारतो. ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरच्या संशोधन-मार्गदर्शक पानाला, म्हणजे एका विषयावरची साधनं कशी शोधावीत हे सांगणाऱ्या पानाला, असं विचारता येत नाही, म्हणून ते प्रश्न पान करणाऱ्यानेच आधी सोडवायचे. बरीच पानं इथेच बिघडतात. ग्रंथालयात काय काय आहे याची जंत्री तयार होते आणि वाचकाला काय करायचंय ते बाजूला राहतं.

सुरुवात प्रश्नवहीपासून, म्हणजे वाचकांचे प्रश्न नोंदवायच्या वहीपासून करा. गेल्या दोन-तीन महिन्यांत जो प्रश्न पुन्हा पुन्हा आला, त्याचंच पान करायचं. 'मधुमेह' हा विषय फार पसरट आहे. 'मधुमेह आणि आहार: प्रबंधासाठी लेख शोधणे' हे एका पानाचं काम झालं. १९७०च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात 'पाथफाइंडर' नावाची अशीच कागदी मार्गदर्शक पत्रकं निघू लागली. तिथे कागदच जागेची मर्यादा घालत होता. २००७ साली अशी पानं ऑनलाइन बनवायचं लिबगाइड्स हे सॉफ्टवेअर आलं, पानं करणं सोपं झालं आणि भर घालत राहण्याचा मोहही वाढला. एका टॅबवर आठ-दहा दुवे पुरेत. प्रत्येकाखाली एकच ओळ लिहा: यात काय मिळेल आणि कधी वापरावं.

क्रम वाचकाच्या कामाचा ठेवा. आधी ओळख करून देणारे कोश आणि हस्तपुस्तिका, मग शोधशब्द, मग पुस्तकं, शेवटी लेख. पुस्तकांपाशी एक सूचना हवीच: ड्यूई वर्गीकरणात, म्हणजे पुस्तकांना विषयानुसार क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, मधुमेह हा आजार ६१६.४६२ खाली, तर मधुमेहींचा स्वयंपाक ६४१.५६३ खाली येतो. एकाच कपाटासमोर उभा राहणारा वाचक अर्धी पुस्तकं न बघताच परततो.

सगळ्यात जास्त मेहनत शोधशब्दांवर घ्या, कारण वाचक अडतो तो तिथेच. बोलण्यातला शब्द आणि डेटाबेसचा शब्द वेगळा असतो. आपण 'हार्ट अटॅक' म्हणतो, पबमेड या वैद्यकीय लेखांच्या डेटाबेसच्या विषयशीर्षकांत ते 'मायोकार्डियल इन्फार्क्शन' असतं. दोन्ही शब्द शेजारी शेजारी द्या. नियम सांगून थांबू नका, जसाच्या तसा चिकटवता येईल असा तयार शोध द्या: समानार्थी शब्द 'ऑर'ने जोडून कंसात, दोन संकल्पनांच्या मध्ये 'ॲण्ड', शब्दसमूह अवतरणचिन्हांत. चांदणीचं चिन्ह (*) जपून वापरायला सांगा. 'डाएट'च्या रोमन स्पेलिंगपुढे चांदणी लावली की 'डाएटरी' येतं, 'डाएटिशियन' येतं आणि रसायनशास्त्रातलं 'डायइथिल'ही येतं, कारण रोमन लिपीत पहिली चार अक्षरं तीच. अशा वेळी हवे ते शब्द 'ऑर'ने जोडून लिहिलेले बरे.

दुवा कधीही ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीतून उचलू नका. त्यात अनेकदा त्या वेळच्या ब्राउझर-सत्राचा (सेशनचा) क्रमांक असतो आणि तो काही वेळाने बाद होतो. डेटाबेसने दिलेला कायमचा दुवा किंवा डीओआय (लेखाचा कायमचा ओळखक्रमांक) घ्या. वर्गणीच्या डेटाबेसच्या दुव्यापुढे ग्रंथालयाचा प्रॉक्सी पत्ता (बाहेरूनही ग्रंथालयाच्या वर्गणीवर प्रवेश देणारा) जोडा. पबमेडसारख्या मोफत ठिकाणी तो लागत नाही. प्रॉक्सी राहिला तर चूक ग्रंथपालाला दिसतच नाही: ग्रंथालयाच्या नेटवर्कवर आयपी पत्ता ओळखून सगळं आपोआप उघडतं, घरी बसलेल्या वाचकासमोर मात्र पैसे मागणारं पान येतं. म्हणून प्रत्येक दुवा मोबाइल डेटावर, खासगी विंडोत उघडून पाहा.

टॅब चार-पाचच असावेत. 'नियतकालिके व आधारसामग्री' यापेक्षा 'लेख शोधा' हे नाव चालतं. दुव्याला 'इथे क्लिक करा' म्हणू नका. स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं साधन) वापरणारे अनेकदा दुव्यांची नुसती यादी ऐकतात, आणि त्यांना तेच वाक्य दहादा ऐकू येतं.

प्रसिद्ध करण्याआधी तीन-चार वाचकांना एक खरं काम द्या आणि दहा मिनिटं गप्प बसून बघा. हे गप्प बसणंच ग्रंथपालाला सगळ्यात जड जातं! जिथे माऊस घुटमळतो, तिथली भाषा बदला.

पानावर जबाबदार व्यक्तीचं नाव आणि शेवटच्या तपासणीची तारीख असू द्या. दुवे तपासणारं साधन तुटलेले दुवे पकडतं, पण पान उघडतंय आणि आतला मजकूर बदललाय, हे त्याला कळत नाही. म्हणून दर शैक्षणिक सत्राच्या आधी हाताने तपासणी. वापराची आकडेवारीही तेव्हाच काढा. सत्रभर कुणी न उघडलेला दुवा वर आणा, नाहीतर काढून टाका.

मदतीची चौकट प्रत्येक टॅबवर ठेवा. तिच्या अर्जात तीनच रकाने पुरतात: काय शोधलं, कुठे शोधलं, काय आलं.