गाडीत बॅटरीचं ॲसिड सांडलं? या चुका टाळा

उन्हाळा लागला, लाईट जायला लागली की जुनी इन्व्हर्टर बॅटरी डिकीत टाकून दुकानाकडे निघणारी मंडळी वाढतात. मग ॲसिड सांडलेल्या गाड्या आमच्या गॅरेजवर येतात. सांडलं म्हणून मी कुणाला बोल लावत नाही. पन्नास-साठ किलोची ट्यूब्युलर (इन्व्हर्टरला लावतात तसली) बॅटरी, रस्त्यावर खड्डे, समोर अचानक आडवा आलेला रिक्षावाला, कलंडणारच. चीड येते ती त्यानंतरच्या तासाभरात जे केलं जातं त्याची.

"उन्हात ठेवली की वाळेल"

नाही वाळत. बॅटरीत असतं ते गंधकाम्ल: वजनाने साधारण एक तृतीयांश आम्ल, बाकी पाणी. उन्हात उडतं ते फक्त पाणी. आम्ल जागच्या जागी राहतं आणि आणखी तीव्र होतं. पावसाळा आला की हवेतला ओलावा ओढून घेतं आणि पुन्हा पसरायला लागतं.

एका शिक्षकांच्या गाडीत एप्रिलमध्ये बॅटरी कलंडली. त्यांनी जुन्या कापडाने पुसून घेतलं, डिकी उघडी टाकून गाडी उन्हात उभी केली, वर सुगंधी फवारा मारला. वास गेला, विषय संपला असं त्यांना वाटलं. ऑगस्टमध्ये ते माझ्याकडे आले ते वेगळीच तक्रार घेऊन: मागचे दिवे मध्येच जातात. तोवर बल्ब बदलून झाले होते, फ्यूज बदलून झाले होते. मी डिकीतला गालिचा उचलला तर खालच्या जाड अस्तराचे हातातच तुकडे पडले. ॲसिड पत्र्याच्या उताराने स्टेपनीच्या खड्ड्यात जाऊन बसलं होतं. रंगाचे पोपडे सुटलेले, अर्थिंगचा (दिव्यांची वायर गाडीच्या पत्र्याला जोडणारा) बोल्ट गंजून फुगलेला, आणि पत्र्याला स्क्रूड्रायव्हर टेकवला तर आरपार गेला. तेवढा पत्रा कापून नवा जोडावा लागला, वायरिंगचा तुकडा बदलावा लागला. एप्रिलमध्ये एका दुपारचं काम होतं ते.

म्हणून गालिचा उचलल्याशिवाय साफसफाई झाली असं समजूच नका. वरचा डाग हा सगळ्यात बिनमहत्त्वाचा भाग आहे.

सोड्याची एक पुडी

ॲसिड मारायला, म्हणजे त्याचा आम्लपणा घालवायला, खाण्याचा सोडा लागतो हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. किती लागतो, हे कुणी बघत नाही. लिटरभर बॅटरी ॲसिड पूर्ण मारायला पाऊण ते एक किलो सोडा लागतो. लोक स्वयंपाकघरातली छोटी पुडी आणतात, भुरभुरतात, फेस येतो, फेस थांबतो, आणि पाण्याची बादली ओततात. फेस थांबला कारण सोडा संपला! उरलेलं ॲसिड त्या बादलीभर पाण्याबरोबर कोपऱ्याकोपऱ्यात पोचतं.

माझी सवय सांगतो. रबरी हातमोजे आणि चष्मा घालायचा, गाडीची सगळी दारं उघडायची. दोघांनी मिळून बॅटरी सरळ करून बाहेर काढायची. मग कोरडा सोडा डागाच्या कडेपासून आत टाकत यायचा, म्हणजे ॲसिड बाहेर सरकत नाही. वरून थोडंसंच पाणी शिंपडायचं आणि थांबायचं. खरंच थांबायचं. त्यावेळी मोबाईल बघा, चहा घ्या, पण ब्रशने घासत बसू नका. झालेला लगदा प्लास्टिकच्या सुपलीने प्लास्टिकच्या बादलीत भरायचा, आणि नवा सोडा. नवा सोडा टाकूनही फेस येत नाही तोवर हे चालू ठेवायचं. मग गालिचा, त्याखालचं अस्तर, स्टेपनी बाहेर काढून पत्र्यावर पुन्हा तेच. शेवटी गालिचा बाहेर भरपूर पाण्याने धुवायचा आणि पत्रा दोन-तीनदा ओल्या फडक्याने पुसायचा, कारण मागे राहणारी पांढरी भुकटी हा क्षारच आहे आणि तोही ओल धरून ठेवतो. दुसऱ्या दिवशी सोड्याचं पाणी पुन्हा शिंपडून बघा. बुडबुडे दिसले तर काम बाकी आहे.

घाईत असणाऱ्याने हे काम हातात घेऊच नये. अर्धवट मारलेलं ॲसिड न मारलेल्यापेक्षा वाईट, कारण मालक निर्धास्त होतो.

बाकीच्या चुका

व्हिनेगर किंवा लिंबू लावणं: ही आम्लंच आहेत, आम्लावर आम्ल घालून काय होणार?

ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर टाकणं: ॲसिडशी गाठ पडली की क्लोरीन वायू निघतो. बंद गाडीत हा प्रकार जिवावर बेतू शकतो.

घरातल्या व्हॅक्युम क्लीनरने ओढून घेणं: मशीन जाईल.

सुती कपड्यांत गुडघे टेकून काम करणं: पँटला भोकं पडतात, आणि ती बहुतेक वेळा पुढच्या धुण्यातच दिसतात. अंगावर उडालं तर लगेच भरपूर पाणी. डोळ्यात गेलं तर निदान पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा आणि थेट डॉक्टरकडे जा. डोळ्यात सोडा चुकूनही घालू नका.

सीटवर सांडलं असताना स्वतःच सीट खोलणं: खाली पिवळं वेष्टन असलेली वायर किंवा कनेक्टर दिसला तर तो एअरबॅगचा असतो, त्याला हात लावू नका. आणि सीटबेल्टला ॲसिड लागलं असेल तर पट्टा बदलाच. धुतल्यावर तो चांगला दिसतो, पण ताकद किती उरली ते डोळ्यांना कळत नाही. या खर्चात काटकसर करणाऱ्याशी मी वाद घालतो.

साफ करूनही सडक्या अंड्याचा वास येत असेल तर डाग पुन्हा घासू नका. तो वास बहुधा जास्त चार्ज होणाऱ्या गाडीच्या बॅटरीचा असतो. चार्जिंग तपासा.

शेवटी त्या कलंडलेल्या बॅटरीबद्दल. ती धुताना सोड्याचं पाणी झाकणांच्या भोकांतून आत गेलं तर आतलं ॲसिड मरतं, म्हणून झाकणं घट्ट लावून मगच बाहेरून पुसा. आणि पातळी खाली गेली म्हणून डिस्टिल्ड वॉटर ओतू नका. एरवी उडून जातं ते पाणी, म्हणून पाणी घालतात. इथे ॲसिडच सांडलंय. बॅटरीवाल्याकडून हायड्रोमीटरने (ॲसिडची घनता मोजायच्या नळीने) मोजून, त्याच ग्रॅव्हिटीचं, म्हणजे घनतेचं, ॲसिड भरून घ्या. आणि तिथे नेताना बॅटरी उभी ठेवा, दोरीने बांधा, खाली प्लास्टिकचं घमेलं ठेवा.