दगड घासून बघताना

आमचं गाव विट्याच्या बाजूला. भावकीतली निम्मी माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात, त्यामुळे कसोटीच्या दगडावर सोनं घासलेलं लहानपणापासून बघत आले. जिऑलॉजीला गेले तेव्हा वाटलं, खनिजांचा कठीणपणा म्हणजे हेच. पण कसोटीवर रेघेचा रंग बघतात. इथे बघायचं ते एवढंच, की कुणाचा ओरखडा कुणावर उठतो.

जिऑलॉजीला आलात, तर फ्रीडरिश मोहस यांनी १८१२ मध्ये लावलेला खनिजांच्या कठीणपणाचा क्रम तुम्हाला पहिल्याच महिन्यात पाठ करावा लागेल: संगजिरं १, जिप्सम २, कॅल्साइट ३, फ्लुओराइट ४, ॲपेटाइट ५, ऑर्थोक्लेज ६, क्वार्ट्झ म्हणजे आपली गारगोटी ७, टोपाझ ८, कुरुंद ९, हिरा १०. हे मार्क नव्हेत, नंबर आहेत. शर्यतीत पहिला आणि दुसरा यांत किती अंतर होतं ते नंबरावरून कळत नाही, तसंच हे. नूप पद्धतीने, म्हणजे हिऱ्याचं टोक दाबून उठलेला ठसा मोजला, तर कुरुंद २,००० च्या आसपास भरतो आणि हिरा ७,००० च्या. नऊ आणि दहात एवढी दरी आहे.

कठीणपणा तपासायचा महागडा संच लगेच घेऊ नका. नख (अडीच), वायरिंगची सोललेली तांब्याची तार (तीन), सुरी (साडेपाच) आणि बांधावरची एखादी गारगोटी यांवर माझं पहिलं वर्ष निघालं.

माझी फजिती मात्र सांगते. सातारा जिल्ह्यातल्या एका दगडखाणीत प्रोजेक्टला गेलो होतो. तिथल्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत स्टिलबाइट, अपोफिलाइट, कॅल्साइट, गारगोटी असं सगळं पांढरं-पांढरं बसलेलं. एका तुकड्यावर मी सुरी ओढली, चकचकीत करडी रेघ उठली. वहीत लिहून टाकलं, ‘कॅल्साइट’. सरांनी काही न बोलता दहापट लेन्स पुढे केली. रेघ होती, पण खाच नव्हती! दगड शाबूत होता, सुरीच झिजली होती. फळ्यावर खडू उमटतो तशी. तो तुकडा गारगोटीचा निघाला. तेव्हापासून रेघ उठली की आधी पुसायची, मग तिच्यावरून नख फिरवायचं, मग लेन्स, आणि शेवटी उलटं करून दुसऱ्याने पहिल्यावर ओरखडा काढून बघायचा. ऊनपाऊस खाल्लेला पृष्ठभाग मऊ असतो, म्हणून ताज्या फुटलेल्या बाजूवरच घासा. आणि स्फटिकाच्या देखण्या तोंडाला हात लावू नका. असा एक अपोफिलाइट मी खिळ्याने वाया घालवलाय.

आता सांगलीत खडे तपासायचं काम करते. इथला पहिला नियम म्हणजे पैलू पाडलेल्या खड्यावर ओरखडा काढायचाच नाही. काढून उपयोगही नसतो, कारण माणिक म्हणजे कुरुंदच, आणि कारखान्यात बनवलेलं माणिकही खऱ्यासारखंच नऊ भरतं. हिरा हातोड्याने ठोकून बघणाऱ्यांना तर हात जोडावेत. ओरखडा न उठणं वेगळं आणि न फुटणं वेगळं; हिरा ठरावीक दिशांना सहज चिरतो.

सगळ्यात जास्त घोळ पुष्कराजाचा. पुस्तकात पुष्कराज म्हणजे टोपाझ, आठ. पेठेत पुष्कराज म्हणून मागतात तो पिवळा नीलम, म्हणजे कुरुंद, नऊ. भावात जमीन-अस्मानाचा फरक. तो ओळखायला घासायची गरज नाही, पाण्यात वजन करा. मावशीचा खडा कोंदणातून काढून मी तसाच तोलला. हवेत १०.६ कॅरेट, दोऱ्याने पाण्यात लोंबकळता ७.६. घट तीन कॅरेट. १०.६ भागिले ३, म्हणजे खडा पाण्याच्या साधारण साडेतीनपट जड, टोपाझइतका. पिवळा नीलम असता तर चार यायला हवे होते. अपवर्तनांक, म्हणजे खड्यात शिरताना प्रकाश किती वाकतो त्याचा आकडा, तोही १.६२ च्या आसपास आला, नीलमाचा १.७६ असतो.

मावशीने तो नीलमाच्या भावाने घेतलाय. खडा परत बसवून दिला, पण तिला अजून सांगितलेलं नाही.