तारीख एक दिवस मागे सरकतेय? टाइमझोनच्या या चुका टाळा

तारकर्लीच्या एका होमस्टेचं बुकिंग ॲप मी सांभाळतो. ऐन सीझनच्या तोंडावर मालक काकांचा फोन आला, "अरे झिला, पावणे १ मेक येतले, हयसर ३० एप्रिल कित्याक दिसता?" आणि ३० एप्रिलची ती खोली आधीच दुसऱ्यांना दिलेली, म्हणजे काकांची पंचाईत. गिऱ्हाइकाने कॅलेंडरमध्ये १ मेच निवडली होती, पण डेटाबेस उघडला तर ३० एप्रिल, १८:३०.

हा १८:३० नीट लक्षात ठेवा. आपण यूटीसीच्या (जगाच्या प्रमाणवेळेच्या) साडेपाच तास पुढे, त्यामुळे आपली मध्यरात्र यूटीसीत गेली की आदल्या दिवशीचे १८:३० होतात. जावास्क्रिप्टमध्ये टूआयएसओस्ट्रिंग (वेळ यूटीसीत नेऊन तिचा मजकूर देणारं फंक्शन) करून सुरुवातीची दहा अक्षरं तारीख म्हणून कापून घेतली की तारीख गेलीच. चेक-इन, वाढदिवस, सुट्टी या नुसत्या तारखा आहेत, त्यांना वेळ चिकटवूच नका, डेटाबेसमध्ये डेट टाइपचा कॉलम ठेवा आणि ये-जा '२०२५-०५-०१' अशा साध्या मजकुराने करा.

चूक फक्त रात्री १२ ते पहाटे साडेपाचच्या नोंदींत होत असेल तर सर्व्हरचं "आज" बघा, तो बहुतेक यूटीसीवर चालत असणार. हापूसच्या पेटीची रात्री १ वाजता आलेली ऑर्डर कालच्या हिशोबात जाते ती अशी. तिथे "आज" काढताना एशिया/कोलकाता हे पूर्ण नाव द्या, नुसतं आयएसटी (भारतीय वेळेचं लघुरूप) नको, कारण इस्रायल आणि आयर्लंडसुद्धा तीच अक्षरं वापरतात.

मुक्कामाच्या रात्री किती हे मोजताना दोन तारखांमधल्या मिलिसेकंदांना २४ तासांनी भागणं ही चूक तर मला सगळ्यात घातक वाटते, कारण भारतात बसून टेस्ट केलं तर कधीच सापडत नाही. लंडनला राहणाऱ्या कोणी घरबसल्या २९ ते ३१ मार्च २०२५ बुकिंग केलं समजा, तिकडे ३० मार्चला घड्याळ एक तास पुढे गेलं, म्हणजे त्यांच्या ब्राउझरमध्ये दोन मध्यरात्रींत ४७ तासच, त्याला २४ ने भागून फ्लोअर लावलं (अपूर्णांक सोडून दिला) की २ रात्रींचं बिल १ रात्रीचं झालं आणि नुकसान बिचाऱ्या मालकाचं. दिवस मोजायचे तर तारखांमधलेच मोजा, तासांवरून काढू नका.

पायथनवाल्यांनी पायटीझेड या टाइमझोनच्या जुन्या लायब्ररीचा झोन तारीख-वेळ बनवताना थेट टीझेडइन्फो या पॅरामीटरला देऊ नये, कोलकात्याची जुनी स्थानिक वेळ लागते आणि +५:३० ऐवजी +५:५३ येतं. पायथन ३.९ पासून झोनइन्फो हे मॉड्यूल सोबतच येतं, ते वापरा.

दुरुस्ती झाली की टीझेड व्हेरिएबल (प्रोग्रॅमला टाइमझोन सांगणारी सेटिंग) आधी यूटीसी, मग अमेरिका/न्यूयॉर्क ठेवून सगळ्या टेस्ट परत चालवा. जावास्क्रिप्ट '२०२५-०५-०१' ही नुसती तारीख यूटीसी धरून वाचतं, त्यामुळे इथे १ मे पहाटे ५:३० दिसतं आणि सगळं ठीक वाटतं, पण न्यूयॉर्कला तेच ३० एप्रिल रात्रीचे ८ होतात. काकांचं ॲप या टेस्टमध्ये आणखी दोन ठिकाणी अडकलं होतं.