सुई पाहून भोवळ येते? अंग सैल सोडू नका

बहुतेक भीतींमध्ये छाती धडधडते, पण माणूस कोसळत नाही. सुई, रक्त आणि जखमेची भीती वेगळी. इथे आधी नाडी आणि रक्तदाब वाढतात आणि मग एकदम घसरतात. मेंदूला रक्त कमी पडतं. जांभया, कपाळावर गार घाम, कानात गुणगुण, डोळ्यांपुढे अंधारी, आणि धपकन खाली. म्हणूनच 'अंग सैल सोड, काही होत नाही' हा शेजारच्यांचा कळकळीचा सल्ला इथे उलटा पडतो. रक्तदाब उतरत असताना अंग सैल सोडून चालत नाही, आवळावं लागतं.

लार्स-योरान ओस्ट या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह १९८०च्या दशकात यावर एक साधी पद्धत बसवली. खुर्चीत बसा. मुठी, दंड, पोट, मांड्या, पोटऱ्या एकदम आवळा आणि चेहरा गरम वाटेपर्यंत, म्हणजे १० ते १५ सेकंद, तसेच राहा. मग २० ते ३० सेकंद ताण सोडा, पण नेहमीसारखं बसण्याइतकाच. लुळं पडायचं नाही. असं ५ वेळा. दिवसातून ५ बैठका, निदान आठवडाभर. बहुतेकांची चूक श्वास कोंडण्याची असते. श्वास कोंडून जोर लावला की हृदयाकडे परतणारं रक्त अडतं आणि मेहनत वाया जाते. डोकं दुखू लागलं तर जोर कमी करा. गरोदर असाल, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. सुई-रक्ताचा संबंध नसतानाही चक्कर येत असेल, तर ती आधी तपासून घ्या. तिचं कारण वेगळं असू शकतं.

आवळणं अंगवळणी पडलं की भीतीची शिडी कागदावर मांडा. प्रत्येक पायरीला किती भीती वाटते त्याप्रमाणे ० ते १०० गुण द्या: सिरिंजचं चित्र, टोपण लावलेली सिरिंज हातात धरणं, रक्त काढतानाचा व्हिडिओ, लॅबमध्ये नुसतं बसून येणं, दंडाला पट्टा बांधून घेणं, बोटाला टोचणं, आणि शेवटी शिरेतून रक्त. एका पायरीवर भीती निम्म्यावर येईपर्यंत थांबा आणि दुसऱ्या दिवशी तीच पायरी पुन्हा करा. भीती ऐन भरात असताना पळ काढला, तर 'पळालो म्हणून वाचलो' एवढंच मन शिकतं. मोबाईलमध्ये तोंड खुपसून बसणं हाही पळच. घरच्यांनी हौसेने दोन पायऱ्या गाळायला लावल्या, तर ठाम नकार द्या.

प्रत्यक्ष रक्त देण्याच्या दिवशी काउंटरवरच सांगा: "मला चक्कर येते, आडवं झोपवून घ्या." लाजायचं कारण नाही, लॅबवाल्यांना हे रोजचं आहे. पाण्यावर बंधन नसेल तर अर्ध्या तासापूर्वी दोन ग्लास पाणी प्या. उपाशीपोटी करायची तपासणी नसेल तर खाऊन जा. सुई टोचायची तो हात सैल ठेवा, बाकीचं अंग आवळा; तो हात आवळला तर सुई जास्त दुखते. झाल्यावर ताडकन उठू नका, १० मिनिटं पडून राहा. तरीही अंधारी आलीच तर लगेच आडवं होऊन पाय उशीवर उंच ठेवा. पडण्यापेक्षा झोपणं केव्हाही स्वस्त.

हे एकट्याने जमेना, किंवा भीतीपायी मधुमेहाची तपासणी, लस, बाळंतपण, दाताचं काम लांबणीवर पडत असेल, तर मदत घ्या. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक २४ तास चालतो, फोन मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. गावाजवळ मानसोपचारतज्ज्ञ नसेल तर जिल्हा रुग्णालयात केसपेपर काढून मानसोपचार विभागात चौकशी करा. खासगी समुपदेशकाला पहिल्याच भेटीत विचारा: "तुम्ही भीतीच्या पायऱ्या करून घेता का? स्नायू आवळण्याची पद्धत माहीत आहे का?" नुसत्या गप्पा आणि रिलॅक्सेशनच्या ध्वनिफिती मिळणार असतील, तर या एका भीतीपुरता तरी दुसरा माणूस शोधा. आणि सोबत कुणाला न्यायचं असेल, तर रक्त पाहून ज्याला स्वतःलाच घेरी येते त्याला नेऊ नका. ही भीती बऱ्याचदा एकाच घरात अनेकांना असते.