चार पावलं चालून दाखवा : चक्करचा पेशंट आणि नवा इंटर्न

मे महिन्यातल्या दुपारी सोलापुरात कॅज्युअल्टीला ड्युटी लागली, की "चक्कर आली" म्हणून येणाऱ्यांची रीघ लागते. डोक्यावर ऊन, पोटात काही नाही, बीपीची गोळी मात्र घेतलेली. इंटर्नचा हात लगेच सलाइनकडे जातो, आणि पुष्कळदा ते बरोबरही असतं. पण त्याच रांगेत एखादा कानाचा पेशंट असतो, एखादा लहान मेंदूच्या स्ट्रोकचा.

"चक्कर म्हणजे नेमकं काय होतं?" हे मी आता सगळ्यात आधी विचारत नाही. गरगरणं, घेरी, अंधारी हे शब्द पेशंट एकमेकांच्या जागी वापरतात. शहराच्या तेलुगूभाषक पूर्व भागातली आजी "कळ्ळु तिरुगुतुन्नाई" (डोळे फिरतायत) म्हणते तेव्हा तो अशक्तपणाही असू शकतो. त्यापेक्षा कधीपासून, एका वेळी किती टिकतं आणि कशानं येतं, हे विचारा. शुगर आणि ईसीजी तोवर होऊ द्या.

विड्या वळणाऱ्या एक मावशी आल्या होत्या. सुपात तंबाखू बघायला मान खाली घातली की घर फिरायचं, अर्ध्या मिनिटात थांबायचं. कुशीवर वळलं की पुन्हा तेच. त्यांना खाटेवर बसवलं, मान उजवीकडे ४५ अंश वळवली आणि झटकन उताणं झोपवलं, डोकं खाटेच्या कडेखाली थोडं लोंबतं ठेवून. डोळे मिटू नका म्हणालो. पाच-सहा सेकंद काहीच नाही. इथंच नवखे घाई करून उठवतात. मग बुबुळं वर आणि गोल उड्या मारू लागली, मावशींनी माझं मनगट घट्ट धरलं, आणि मिनिटाच्या आत सगळं शांत. ही डिक्स-हॉलपाइक चाचणी. आतल्या कानातले कॅल्शियमचे कण जागा सोडून अर्धवर्तुळाकार नळीत शिरलेले असतात. तिथूनच एप्ली, म्हणजे ते कण परत जागेवर नेण्याची क्रिया, केली: मान डावीकडे ९० अंश, मग अंगासकट कुशीवर, नाक जमिनीकडे, मग बसवणं, प्रत्येक ठिकाणी अर्धा मिनिट. मावशी चालत घरी गेल्या. अशांना महिनाभर बीटाहिस्टीन ही चक्करची गोळी लिहून कण जागेवर जात नाहीत.

दुसरी गोष्ट सांगताना आजही त्रास होतो. एका रुग्णालयात रात्रपाळीला होतो. यंत्रमागावर काम करणारे, पन्नाशी ओलांडलेले काका सकाळपासून सलग गरगरतंय आणि उलट्या होतायत म्हणून आले. सीटी नॉर्मल. स्टेमेटिल हे उलटी-चक्करचं औषध दिलं, उलट्या थांबल्या, मी सोडलं. दुसऱ्या दिवशी परत आणलं तेव्हा त्यांना आधाराशिवाय बसताही येत नव्हतं. एमआरआयमध्ये लहान मेंदूचा इन्फार्क्ट, म्हणजे रक्त न पोचल्यानं झालेला स्ट्रोक. मुलगा म्हणाला, "कालपण चालता येत नव्हतं डॉक्टर, आम्ही उचलूनच रिक्षात घातलं." मी त्यांना चालवून बघितलंच नव्हतं.

मेंदूच्या मागच्या भागातला ताजा स्ट्रोक साध्या सीटीत बहुधा दिसत नाही. पहिल्या ४८ तासांत एमआरआयही कधी फसवतो. म्हणून चक्कर सलग चालू असेल आणि बुबुळं आपोआप हलत असतील, तर हिंट्स ही डोळ्यांच्या हालचालींची तीन भागांची चाचणी करा. पेशंटला तुमच्या नाकाकडे बघायला सांगून डोकं हलकेच झटक्यात वळवा. नजर घसरून परत नाकावर आली तर दोष कानाच्या नसेत. नजर जागची हललीच नाही तर स्ट्रोकचा धोका. इथं नॉर्मल दिसणं वाईट, हे डोक्यात बसायला मला सहा महिने लागले. बुबुळांच्या उड्यांची दिशा नजरेबरोबर बदलत असेल, किंवा एक डोळा झाकून उघडताना तो खालीवर सरकत असेल, तरी न्यूरोला, म्हणजे मेंदूविकाराच्या डॉक्टरांना, फोन करा. नव्यानं कमी ऐकू येत असेल तर तेही त्यांना सांगा. मावशींसारख्या थांबून थांबून येणाऱ्या चक्करला मात्र ही चाचणी लावू नका, उगाच स्ट्रोकची शंका येईल.

कानाची नस सुजली असेल तर उलटी थांबवणारी औषधं दोन-तीन दिवसच द्या. जास्त दिली तर मेंदू तोल सावरायला शिकायला उशीर लावतो. आणि घरी सोडण्याआधी नातेवाइकाला बाजूला उभं करून पेशंटला दारापर्यंत चालायला लावा. चालता आलं नाही तर सीटी कितीही स्वच्छ असो, ॲडमिट करा.